शार्क माशांच्या सहवासांत

वाघाला आपण भितों, परंतु त्याच्या पराक्रमाचें कौतुकहि करितों. नागाला भितों, परंतु नागपंचमीच्या दिवशीं त्याच्या वारुळापुढें दूध ठेवितों. समुद्रांतील शार्क माशाच्या वांट्याला मात्र भीतीवांचून दुसरें कांहींच आलेलें नाहीं. पाण्याबाहेर निघालेला तिकोनी पर, उघडा जबडा आणि करवतीसारखे दांत, एवढेंच त्याचें चित्र बहुतेकांच्या मनांत असतें. आपल्या कोंकणपट्टीवरील कोळी बांधव या कुळांतील माशांस मुशी म्हणतात. कोठें कोठें मोरी असेंहि म्हणतात. परंतु मुशीचें कालवण आवडीनें खाणाऱ्या घरांतसुद्धां जिवंत मुशीविषयीं कोणास फारशी माहिती असते असें नाहीं.

असें असतां जगांत कांहीं ठिकाणीं माणसें आपण होऊन, अनुभवी वाटाड्याच्या सोबतीनें, उघड्या समुद्रांत, पिंजऱ्याचा आडोसाहि न घेतां या माशांमध्यें उतरतात आणि तासाभरांत सुखरूप वर येतात. हें साहस म्हणावें कीं अविचार म्हणावा? त्यांत शिकण्यासारखें कांहीं आहे कीं ती केवळ हौस आहे? या प्रश्नांचा विचार करावा म्हणून आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे. उदाहरणासाठीं एकच स्थळ निवडलें आहे, तें म्हणजे दक्षिण आफ्रिकेंतील आलिवाल खडक. बालवाचकांनीं व त्यांच्या पालकांनीं मनानें आमच्याबरोबर तेथवर यावें, अशी विनंति आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर क्वाझुलू-नाताळ प्रांतांत डर्बन हें मोठें बंदर आहे. त्याच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर उमकोमास नांवाचें लहानसें गांव असून तेथें एक नदी समुद्रास मिळते. किनाऱ्यापासून सुमारें ५ किलोमीटर दूर, पाण्याखालीं, आलिवाल खडक पसरलेला आहे. हा खडक म्हणजे मुळांत वाळूची टेंकडी होय. प्राचीन काळीं समुद्राची पातळी आजच्यापेक्षां पुष्कळ खालीं होती. त्या वेळीं वाऱ्यानें रचलेली ही टेंकडी कालांतरानें दगड बनली, आणि पुढें पाणी चढल्यावर बुडून गेली. तिचीं सर्वांत उंच टोकें पृष्ठभागाखालीं अवघ्या ५-६ मीटरांवर आहेत, तर पायथा २५ मीटरांहूनहि खोल आहे. उत्तरेकडून येणारा अगुल्हास नांवाचा उबदार प्रवाह या भागांतून वाहतो. त्यामुळें प्रवाळ, कासवें, रंगीबेरंगी मासे आणि त्यांच्या मागोमाग मोठे शार्क, असा सर्व परिवार येथें नांदतो.

‘आलिवाल’ हें नांव आफ्रिकेंतील नव्हे, हें चौकस वाचकाच्या ध्यानीं आलेंच असेल. पंजाबांत सतलज नदीच्या बाजूस या नांवाचें एक खेडें आहे. तेथें १८४६ सालीं इंग्रज व शीख यांच्यांत लढाई झाली, आणि तें नांव दूरदूरच्या मुलखांत जाऊन पोंचलें. पुढें १८४९ सालीं ‘आलिवाल’ याच नांवाचें एक जहाज या बाजूनें जात असतां त्याच्या जेम्स अँडरसन नामक कप्तानानें हा बुडालेला खडक पाहिला व त्याची वर्दी दिली. तेव्हांपासून जहाजाचें नांव खडकास चिकटलें. सर्वच जहाजें इतकीं भाग्यवान् नव्हतीं. १८८४ सालीं ‘नेबो’ ही आगबोट येथें बुडाली. १९७४ सालीं साखरेची मळी भरून निघालेलें ‘प्रोड्यूस’ नांवाचें जहाज याच खडकावर आपटून तळास गेलें. त्या दोहोंचे सांगाडे आज माशांचीं घरें झालीं आहेत.

आतां ज्यांच्या मुलखांत आपणांस जावयाचें आहे, त्यांची थोडी ओळख करून घेऊं. शार्क हा मासाच, परंतु पापलेट किंवा सुरमई यांच्याहून त्याची ठेवण फार निराळी आहे. त्याच्या शरीरांत हाड म्हणून नसतें. आपल्या नाकाच्या शेंड्यांत जो लवचिक पदार्थ असतो, ज्यास कूर्चा म्हणतात, त्याचाच त्याचा सर्व सांगाडा बनलेला असतो. इतर पुष्कळ माशांच्या पोटांत हवेची एक पिशवी असते व तिच्या योगानें ते पाण्यांत तरंगतात. शार्कला ती पिशवी नसते. त्याचें यकृत मात्र फार मोठें व तेलानें भरलेलें असतें आणि तें त्याचा भार हलका करितें. त्याचे दांत एकामागें एक अशा ओळींत असतात. पुढचा पडला कीं मागचा पुढें सरकतो. असे मासे या पृथ्वीवर ४० कोटी वर्षांहून अधिक काळ आहेत. याचा अर्थ असा, कीं अजस्र डायनोसॉर जन्मास येण्यापूर्वीं ते होते आणि डायनोसॉर लयास गेल्यावरहि ते राहिले. त्यांच्या ५०० हून अधिक जाति आज ठाऊक आहेत. त्यांपैकीं माणसास धोका होईल अशा जाति हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

शार्कचीं ज्ञानेंद्रियें हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याचें नाक तीक्ष्ण असतें, हें सर्वांस माहीत आहे. त्याखेरीज त्याच्या दोन्ही कुशींवरून एक सूक्ष्म रेषा गेलेली असते. पाण्यांतील बारीकसारीक हालचाल तिच्या योगानें त्यास कळते. धडपडणारा मासा कोठें आहे, हें तो डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच जाणतो तें असें. आणखी एक इंद्रिय तर आपणांपाशीं नाहींच. शार्कच्या मुस्कटावर बारीक बारीक छिद्रें असतात. स्टेफानो लोरेंझिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें १६७८ सालीं त्यांचें वर्णन केलें. परंतु त्यांचा उपयोग काय, हें उमगावयास विसावें शतक उजाडावें लागलें. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंत अत्यंत सौम्य अशी वीज खेळत असते. ती वीज शार्कला या छिद्रांतून कळते. वाळूखालीं दडून बसलेला मासासुद्धां त्याच्यापासून लपूं शकत नाहीं. आपण पाण्यांत उतरलों, म्हणजे आपल्याला शार्क दिसण्याच्या कितीतरी आधीं आपण आलों आहों हें शार्कला कळलेलें असतें. वाचकांनीं ही एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. कारण पुढील सर्व नियम तिच्यावरच उभारलेले आहेत.

परक्या घरीं जावयाचें तर त्या घरची रीत प्रथम शिकावी लागते. पाण्याखालीं श्वास घेण्याचें जें साधन आज वापरतात, तें १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यान या दोघांनीं सिद्ध केलें. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, तोंडांत श्वासाची नळी, डोळ्यांवर कांच, पायांत रबरी पंख, कमरेस शिशाचा भार आणि अंगांत हवा भरतां व सोडतां येणारें जाकीट, असा पाणबुड्याचा पोषाख असतो. हा पोषाख विकत किंवा भाड्यानें कोणासहि मिळतो. परंतु तो वापरण्याची विद्या शिकूनच घ्यावी लागते. तिचा पहिला पाठ शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतच आहे. बॉइलचा नियम विद्यार्थ्यांनीं पाठ केला असेल: दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्मे होतें. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब आहे, तेवढाच आणखी एक दाब दर १० मीटर खोलीस वाढतो. तेव्हां १० मीटरांवर श्वास रोखून धरून कोणी तसाच वर आला, तर त्याच्या छातींतील हवा दुप्पट होऊं पाहील आणि फुप्फुसें फाटतील. म्हणून पाणबुड्याचा पहिला नियम हा, कीं श्वास कधींहि रोखूं नये आणि वर येण्याची घाई करूं नये.

दुसरा पाठ अंकगणिताचा आहे. १२ लिटरांच्या टाकींत पृष्ठभागावरील दाबाच्या २०० पट दाबानें हवा भरली, तर ती उघड्यावरच्या २,४०० लिटर हवेइतकी होते. स्वस्थ चित्तानें पोहणारा मनुष्य पृष्ठभागावर मिनिटास सुमारें २० लिटर हवा घेतो असें धरूं. १० मीटरांवर दाब दुप्पट, म्हणून तेथें त्यास ४० लिटर लागतील. टाकींतील चौथा हिस्सा, म्हणजे ६०० लिटर हवा, अडीअडचणीसाठीं राखून ठेवावयाची. उरलेली १,८०० लिटर हवा त्यास ४५ मिनिटें पुरेल. परंतु तोच मनुष्य घाबरून दुप्पट वेगानें श्वास घेऊं लागला, तर ती साडेबावीस मिनिटांतच संपेल. भीतीची किंमत इतक्या चोख रीतीनें अंकांत मांडून दाखविणारें उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. म्हणूनच उघड्या समुद्रांतील प्राथमिक शिक्षण पुरें करून ज्यानें प्रमाणपत्र मिळविलें आहे, त्यानेंसुद्धां १८ मीटरांहून खोल जाऊं नये असा दंडक आहे. आणि ज्यास शांतपणें श्वास घेतां येत नाहीं, त्यास जबाबदार वाटाड्या शार्कपुढें नेतच नाहीं.

आलिवालच्या बुडीस बहुधा सकाळींच निघतात. नदीच्या मुखाशीं समुद्राच्या लाटा फुटत असतात, आणि त्यांतूनच होडी बाहेर काढावी लागते. ही होडी फुगविलेल्या रबरी कडांची असते. प्रवासी त्या कडांवर बसून तळाशीं लाविलेल्या पट्ट्यांत पाय अडकवितात व दोरीस घट्ट धरून राहतात. नावाडी लाटांकडे टक लावून थांबतो. एक लाट जाऊं देतो, दुसरी जाऊं देतो. मग मधली फट साधून होडी एकदम पुढें घालतो. आमच्या वर्सोव्याच्या किंवा मालवणच्या तांडेलास हें पाहून हा आपल्याच जातीचा माणूस, असें वाटल्यावांचून राहणार नाहीं.

बुडीपूर्वीं वाटाड्या सर्वांस एकत्र करून सूचना देतो. त्यांतील मुख्य अशा:

(१) सर्वांनीं मिळून राहावें; एकट्यानें कोठेंहि भटकूं नये.

(२) हात अंगाशीं ठेवावेत. पांढरे हातमोजे किंवा चकाकणारे दागिने घालूं नयेत. कारण गढूळ पाण्यांत फडफडणारें पांढरें बोट आणि तडफडणारा मासा यांत शार्कला फरक न कळण्याचा संभव असतो.

(३) शार्क जवळ आल्यास त्याच्याकडे तोंड करून स्थिर राहावें. पाठ फिरवून पळूं नये. पळणारें तें भक्ष्य, अशी हिंस्र प्राण्यांची सर्वत्र समजूत असते.

(४) आमिषाचा वास ज्या दिशेनें प्रवाहाबरोबर वाहत जातो, त्या दिशेस जाऊं नये.

(५) कोणत्याहि शार्कला स्पर्श करूं नये, त्याचा पाठलाग करूं नये, त्याची वाट अडवूं नये.

(६) वाटाड्यानें वर येण्याची खूण केली कीं ती तत्काळ मानावी. त्या वेळीं वादास जागा नाहीं.

पहिल्या प्रकारची बुडी आमिषाची असते. तारलीचे तुकडे भरलेलें एक भोंकें पाडलेलें पिंप बोयाला बांधून सुमारें ८-१० मीटर खालीं सोडतात. तळ त्याहूनहि खालीं असतो, म्हणून पाणबुड्यास पाय टेंकण्यास जागा नसते. वर निळें, खालीं निळें, चोहोंकडे निळें, अशा अवकाशांत तो लोंबकळत राहतो. प्रथम कांहीं दिसत नाहीं. मग निळाईच्या कडेला एक करडी रेघ हलते, ती लांब होते, आणि दीड-दोन मीटर लांबीचा एक शार्क पुढ्यांतून निघून जातो. त्याच्या परांचीं टोकें काळीं असतात, म्हणून त्यास ‘ब्लॅकटिप’ म्हणतात. पाठोपाठ दुसरा, तिसरा. मग मोजण्याचें सुचत नाहीं. ते पिंपाभोंवतीं घिरट्या घालितात, त्यास मुस्कटानें ढोंसतात, आणि माणसांच्या मधून, हातभर अंतरावरूनसुद्धां, सहज निघून जातात. त्यांचा डोळा आपणांवर क्षणभर स्थिरावतो आणि पुढें जातो. जो नवखा मनुष्य मनांत चित्रपटांतला राक्षस घेऊन आलेला असतो, त्यास या वेळीं मोठा अचंबा वाटतो. येथें क्रोध नाहीं, द्वेष नाहीं. बारीक विचारपूस मात्र आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे तिकडील डिसेंबराच्या सुमारास व त्यापुढें, याच ठिकाणीं अंगावर पट्टे असलेला टायगर शार्कहि येतो. तो जातीनें खरोखरच धोक्याचा आहे. तो आला, कीं वाटाड्याची नजर त्याच्यावरून ढळत नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या बुडींत आमिष नसतें. हिवाळ्याच्या व वसंताच्या महिन्यांत, म्हणजे साधारण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, रॅग्ड-टूथ, म्हणजे वेड्यावांकड्या दांतांचा, हा शार्क येथील खडकांच्या गुहांतून मोठ्या संख्येनें जमतो. ‘कॅथीड्रल’ नांवाच्या दगडी कमानीपाशीं तो हमखास आढळतो. त्याचें रूप पाहिलें तर याच्याहून भयंकर प्राणी नसेल असें वाटावें. अंग जाडजूड, डोळे बारीक व फिके, आणि मिटलेल्या तोंडांतूनसुद्धां सुयांसारखे दांत बाहेर डोकावणारे. परंतु स्वभावानें हा सर्व शार्कांत शांत म्हणून ओळखला जातो. ते दांत निसटणारे मासे पकडण्यासाठीं आहेत. मोठ्या प्राण्याचे लचके तोडण्यासाठीं नाहींत. पाण्यावर येऊन हवेचा घोट घेण्याची कलाहि त्यास अवगत आहे. ती हवा पोटांत धरून तो गुहेंत जवळजवळ निश्चल तरंगूं शकतो. पाणबुडे गुहेच्या तोंडाशीं तळास टेंकून स्वस्थ राहतात आणि हे मासे त्यांच्या समोरून संथपणें ये-जा करितात.

या माशाची मादी एका वेळीं केवळ दोन पिलांस जन्म देते, आणि तेंहि सामान्यतः वर्षाआड. कारण ऐकून वाचक थक्क होतील. मादीच्या दोन गर्भाशयांपैकीं प्रत्येकांत अनेक अंडीं असतात. परंतु जें पिलूं प्रथम वाढतें, तें उरलेल्या भावंडांस तेथेंच खाऊन टाकितें. अशा रीतीनें प्रत्येक गर्भाशयांतून एकच पिलूं बाहेर येतें, तें सुमारें मीटरभर लांब व स्वतःचा निर्वाह करण्यास समर्थ असतें. तारली लाखों अंडीं घालते, म्हणून तिच्या थव्यांतून पुष्कळ मासे पकडले तरी ती जात तग धरिते. ज्या जातींत मादीस वर्षाआड दोनच पिलें होतात, तिची हानि भरून येण्यास मात्र पिढ्या लागतात.

त्या भयंकर रूपाचें फळ काय झालें, तें ऑस्ट्रेलियांत पाहावें. तेथें याच माशास ‘ग्रे नर्स’ म्हणतात. भाला मारून मासे टिपणाऱ्या हौशी लोकांनीं, हा नरभक्षक आहे अशा समजुतीनें, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याची अमर्याद कत्तल केली. बिचारा हालेना, पळेना, म्हणून त्यास मारणें सोपें होतें. आणि दांत दिसत, म्हणून मारणारास शूर म्हणवून घेतां येत असे. शेवटीं १९८४ सालीं न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें त्यास कायद्याचें संरक्षण दिलें. जगांत एखाद्या शार्कला मिळालेलें असें हें पहिलेंच संरक्षण होय. तथापि त्या किनाऱ्यावर त्याची संख्या अद्यापहि फार थोडी आहे. ज्याचें आपण नीट निरीक्षण केलें नाहीं त्यास गुन्हेगार ठरविलें, आणि चूक कळून आली ती फार उशीरां.

येथें कोणी विचारील, कीं मग शार्कपासून धोका नाहींच काय? धोका आहे, आणि तो लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. फ्लॉरिडा येथील निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयांत जगभरच्या शार्क-हल्ल्यांची नोंद ठेवितात. तीवरून दिसतें, कीं माणसानें छेड काढिली नसतां झालेले हल्ले दरसाल साधारण ६०-७० असतात व त्यांत ५-६ च्या आसपास माणसें दगावतात. उलटपक्षीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं केवळ बुडून मेलेल्या माणसांची संख्या सुमारें ३ लाख होती. परंतु सरासरीनें एकाद्याचें दुःख हलकें होत नाहीं. २००८ सालीं बहामा बेटांनजीक अशाच आमिषाच्या बुडींत एका पाणबुड्यास शार्कनें चावा घेतला व त्यांत त्याचा अंत झाला. जेथें आमिष आहे, तेथें भूक आहे. आणि जेथें भूक आहे, तेथें वाटाड्या कितीहि कुशल असला तरी पूर्ण हमी कोणी देऊं शकत नाहीं.

यावरून एक वाद उत्पन्न झाला आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीं दोन्ही बाजूंनीं ऐकावा. एक पक्ष म्हणतो, कीं आमिष दाखवून शार्कांस जमविणें योग्य नव्हे. त्यांस माणसाची व खाण्याची सांगड घालण्याची संवय लागेल. अशा विचारानेंच फ्लॉरिडा संस्थानानें २००१ सालीं आपल्या समुद्रांत पाणबुड्यांसाठीं मासे चारण्यास बंदी केली. दुसरा पक्ष म्हणतो, कीं मेलेला शार्क एकदांच विकला जातो. जिवंत शार्क पाहण्यास मात्र माणसें वर्षानुवर्षें येतात, आणि त्यावर नावाडी, वाटाडे, खानावळवाले अशा अनेकांचीं पोटें भरतात. तेव्हां किनाऱ्यावरील लोकच त्याचे रक्षक बनतात. प्रशांत महासागरांतील पलाऊ या चिमुकल्या राष्ट्रानें २००९ सालीं आपला सर्व समुद्र शार्कांचें अभयारण्य म्हणून जाहीर केला, त्यामागें हाहि विचार होता. आलिवाल येथें मधला मार्ग धरिलेला आहे. २००४ सालीं तो भाग संरक्षित समुद्र ठरला, २०१९ सालीं त्याची सीमा वाढविण्यांत आली, आणि बुड्यांचा धंदा परवान्यानें व नियमांनीं बांधलेला आहे. आमच्या मतें, आमिषावांचूनची, गुहेपाशीं शांत बसून पाहण्याची बुडी अधिक चांगली. कारण तींत पाहुणा यजमानाचा दिनक्रम बदलीत नाहीं.

परंतु या किनाऱ्यावर याहून अवघड असा एक प्रश्न आहे. १९५७ च्या डिसेंबरापासून पुढील कांहीं महिन्यांत डर्बनच्या दक्षिणेकडील स्नानाच्या किनाऱ्यांवर शार्कांनीं अनेक हल्ले केले व त्यांत कित्येक माणसें मेलीं. पर्यटक पळाले, धंदे बसले. डर्बनला १९५२ पासूनच समुद्रांत जाळीं लावीत असत. आतां तीं इतर गांवींहि लागलीं, आणि १९६४ सालीं त्यांची व्यवस्था पाहण्यासाठीं एक खास मंडळ स्थापन झालें. पुष्कळांची कल्पना अशी असते, कीं हीं जाळीं म्हणजे शार्कांस अडविणारें कुंपण होय. वस्तुतः तसें नाहीं. तीं तळापासून पृष्ठभागापर्यंत पसरलेलीं नसतात आणि त्यांच्या वरून, खालून व बाजूनें शार्क जाऊं शकतात. त्यांचें काम शार्कांस पकडून त्यांची संख्या कमी करणें हें आहे. त्यांच्यामुळें माणसांचे प्राण वांचले, यांत शंका नाहीं. जाळीं लागल्यापासून त्या किनाऱ्यांवरील मृत्यु जवळजवळ थांबले. परंतु त्याच जाळ्यांत निरुपद्रवी शार्क, कासवें व डॉल्फिनहि अडकून मरतात. आणि आलिवालच्या गुहांकडे जाणारे वेड्यावांकड्या दांतांचे आमचे शांत मित्रहि त्यांतून सुटत नाहींत. म्हणजे एकाच समुद्रांत, एकाच सकाळीं, कोठें माणूस शार्कला पाहण्यासाठीं श्वास आंवरून बसलेला असतो, तर थोड्याच अंतरावर तोच शार्क माणसाच्या भयापायीं जाळ्यांत गुदमरत असतो. आतां कांहीं ठिकाणीं जाळ्यांऐवजीं आमिष लाविलेले मोठे गळ वापरून कासवांची व डॉल्फिनांची हानि कमी करण्याचा प्रयत्न चालू आहे. हा प्रश्न सुटलेला नाहीं. स्नान करणाऱ्या मुलाचा जीव मोलाचा आहेच. परंतु त्यासाठीं दुसऱ्या जीवानें किती द्यावें, हें ठरविणें सोपें नाहीं.

त्याच देशानें १९९१ सालीं पांढऱ्या शार्कला, म्हणजे सर्वांत बदनाम झालेल्या जातीला, कायद्याचें संरक्षण देऊन जगांत पहिला मान मिळविला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. आणि ज्या पीटर बेंचली यांच्या ‘जॉज’ या १९७४ च्या कादंबरीनें व तीवरून १९७५ सालीं निघालेल्या चित्रपटानें शार्कची दहशत घरोघर पोंचविली, त्या लेखकानें आपलें पुढील आयुष्य बव्हंशीं समुद्राच्या व शार्कांच्या रक्षणासाठीं वेंचिलें. ज्ञान वाढलें तशी त्याची वृत्ति बदलली आणि त्यानें ती उघडपणें बदलूं दिली, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

आतां दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. माणसें दरसाल किती शार्क मारतात? २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजाप्रमाणें ती संख्या सुमारें १० कोटी आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत असें दिसून आलें, कीं १९७० पासून २०१८ पर्यंत खुल्या महासागरांतील शार्क व पाकट यांची संख्या शेंकडा ७१ नें घटली आहे. कोण कोणास भ्यावें, याचा निर्णय वाचकांनींच करावा. परांच्या सुपासाठीं, मांसासाठीं, तेलासाठीं, आणि पुष्कळ वेळां दुसऱ्या माशांसाठीं टाकलेल्या जाळ्यांत चुकून सांपडल्यामुळें ते मरतात. ज्यानें ४० कोटी वर्षांत इतकीं संकटें पचविलीं, त्याला दोन पिढ्यांच्या माणसांनीं या अवस्थेस आणिलें आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असेंहि नाहीं. भारत सरकारनें २००१ सालीं व्हेल शार्क या प्रचंड परंतु निरुपद्रवी माशास वन्य प्राण्यांच्या कायद्यानें संरक्षण दिलें. आपल्या बाजारांत मात्र टोपलींत हातभर लांबीच्या मुशी दिसतात. त्यांतील कांहीं जाति मुळांतच लहान असतात, परंतु कांहीं मोठ्या जातींचीं पिलें असतात, कीं ज्यांनीं आयुष्यांत एकदांहि प्रजा वाढविलेली नसते. विद्यार्थ्यांनीं आईबरोबर बाजारांत जावें तेव्हां कोळिणीस आदरानें विचारावें, कीं मावशी, ही कोणती मुशी, ती कोठें मिळाली, पूर्वीं यापेक्षां मोठी येत असे काय? डोकें हातोड्यासारखें दोन्ही बाजूंस पसरलेलें असेल तर ती कानमुशी होय. हें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं. तें त्या मावशींपाशीं आहे, आणि विचारणारा भेटला तर ती तें आनंदानें देते.

पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं मुलाला पाण्यापासून दूर ठेवून समुद्राचें भय कमी होत नाहीं. त्यास उत्तम पोहावयास शिकवावें. पुढें वयांत आल्यावर त्यास बुडी मारण्याची इच्छा झाली, तर प्रथम डॉक्टरांकडून कान, छाती व हृदय तपासून घ्यावें. शिक्षण अधिकृत शिक्षकाकडून घ्यावें. बुडीनंतर विमानांत बसण्यापूर्वीं निदान १८ तास जाऊं द्यावेत. आणि जो वाटाड्या सूचना देतांना घाई करितो किंवा शार्कला हात लावून दाखवितो, त्याच्याबरोबर मुलास पाठवूं नये. शौर्य दाखविणारा वाटाड्या नको. नियम पाळणारा हवा.

विद्यार्थ्यांनीं या बुडींतून घेण्याची गोष्ट आम्हांस अशी वाटते. पाण्यांत उतरणाऱ्या माणसाचें रक्षण त्याच्या बळानें होत नाहीं. शार्कपुढें माणसाचें बळ तें किती? त्याचें रक्षण होतें तें त्यानें आधीं केलेल्या अभ्यासानें, संथ श्वासानें, सोबत्यांस न सोडण्यानें आणि वाटाड्याची खूण मानण्यानें. जो हें शिकतो, त्याचें भय नाहींसें होत नाहीं. परंतु तें त्याच्या ताब्यांत राहतें, आणि मग त्याला समोरचा प्राणी जसा आहे तसा दिसूं लागतो. शार्कला तसें पाहणारीं माणसें जितकीं वाढतील, तितका तो या समुद्रांत टिकण्याचा संभव वाढेल.